रक्तातील बुरशीसंसर्ग : रुग्णाचे जगणे कशावर अवलंबून?

कॅन्डिडा ही बुरशी माणसाच्या तोंडात, आतड्यांत आणि त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे वास्तव्य करते. मात्र प्रतिकारशक्ती खालावली, प्रतिजैविके दीर्घकाळ द्यावी लागली किंवा पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, की ती रक्तात शिरकाव करू शकते.

देशातील २७ अतिदक्षता विभागांत २०११-१२ मध्ये झालेल्या पाहणीत असे १,४०० रुग्ण आढळले. त्यांपैकी सुमारे ४५ टक्के तीस दिवसांत दगावले. केवळ बुरशीमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण मात्र सुमारे २० टक्के होते. उरलेला वाटा मूळ आजाराचा. दाखल होतानाच्या आजाराची तीव्रता, मूत्रपिंड निकामी असणे, मोठ्या शिरेतील नळी, स्टेरॉइडचा वापर आणि सरकारी रुग्णालयातील उपचार हे घटक मृत्यूशी निगडित असल्याचे त्यात दिसून आले.

वय किंवा मूळ व्याधी बदलता येत नाही. उपचारांची वेळ मात्र हाती असते. रक्ताच्या कल्चर तपासणीचा अहवाल येण्यास एक ते तीन दिवस लागतात आणि खोलवरचा संसर्ग निम्म्या वेळा तीत सापडतच नाही. म्हणूनच ताप उतरत नसेल, तर डॉक्टर प्रसंगी अहवालाची वाट न पाहता एकायनोकॅन्डिन गटातील औषध सुरू करतात. शक्य असल्यास शिरेतील नळी काढणे, डोळ्यांची तपासणी करणे आणि रक्त बुरशीमुक्त झाल्यानंतरही किमान १४ दिवस औषध चालू ठेवणे, हे उपचारांचे प्रमुख टप्पे होत.

बुरशीची जात ओळखणेही तितकेच महत्त्वाचे. २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदली गेलेली कॅन्डिडा ऑरिस बहुधा फ्लुकोनॅझोलला दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तिचा अतिगंभीर गटात समावेश केला.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यात असले, तरी अकोले वा जामखेडसारख्या दूरच्या तालुक्यांतील अत्यवस्थ रुग्ण अनेकदा एका रुग्णालयातून दुसऱ्यात, कधी पुणे वा नाशिकलाही हलवले जातात. अशा वेळी कल्चरचा अहवाल, दिलेल्या औषधांची यादी आणि नळी बसवल्याची तारीख नातेवाइकांनी रुग्णासोबत आवर्जून न्यावी. नव्या रुग्णालयात तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर मोलाचा वेळ वाया जातो. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करणे, हा संसर्ग रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.