बर गावच्या दोन मेरी

मागच्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळात मी माझ्या आयर्लंडच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलले होते. त्यात बर नावाच्या गावाचा उल्लेख करून, तेथे एका उमरावाने बांधलेली प्रचंड दुर्बीण आहे एवढे सांगितले आणि खाली बसले. घरी आल्यावर मनाला चुटपुट लागून राहिली. त्या गावात मी दोन दिवस होते. जे पाहिले त्यात बायकांचा वाटा मोठा होता, आणि बायकांच्याच सभेत मी नेमका तोच गाळला. यंदा चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ते राहून गेलेले लिहून काढावे असे ठरवले.

बर हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा मुलगी मला फोनवर नुसते "बरं" म्हणते आहे असेच वाटले होते! गाव आयर्लंडच्या अगदी मध्यावर, ऑफली परगण्यात आहे. वस्ती पाचेक हजारांची. डब्लिनहून जावईबापूंनी आम्हांला मोटारीने नेले. वाटेत मैलोगणती काळपट, सपाट दलदलीची जमीन लागते. हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींची ती माती. तिच्या विटा कापून, उन्हावाऱ्यात वाळवून, आपल्याकडे गोवऱ्यांचे हुडवे रचतात तशा त्या रचतात आणि घरात जाळतात. यंत्रांनी ती माती खणण्याचे काम तिथल्या सरकारी कंपनीने २०२१ साली थांबवले. या मातीचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

गावातला किल्ला १६२० सालापासून पार्सन्स घराण्याकडे आहे. ते घराणे अजूनही तेथेच राहते. गावालाही पुष्कळ वर्षे पार्सन्सटाउन असेच म्हणत. तिकीट काढले की किल्ल्याभोवतीची बाग हिंडता येते. नदीवर एक जुना झुलता पूल आहे, आणि तीस फुटांहून उंच वाढलेली झुडपांची कुंपणे आहेत. जगातली सर्वांत उंच कुंपणे म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्यांची नोंद झालेली आहे. पण सगळी माणसे जातात ती दुर्बिणीकडे.

लांबून ती दुर्बीण वाटतच नाही. गढीच्या तटासारख्या दोन उंच दगडी भिंती, आणि त्यांच्यामध्ये साखळदंडांनी टांगलेली, पन्नास फुटांहून लांब, काळी लाकडी नळी. माणूस आत उभा राहील एवढा तिचा घेर. तळाशी सहा फूट व्यासाचा आरसा होता. तो काचेचा नव्हे, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचा. १८४२ च्या एप्रिलमध्ये तो ओतला, आणि भट्टीला जळण होते ती मघाची दलदलीतली माती. ओतलेला धातू एकदम निवला तर तडकतो, म्हणून तो सोळा आठवडे भट्टीत हळूहळू थंड होऊ दिला. शिवाय असला आरसा लवकर काळवंडतो. म्हणून दोन आरसे केले होते. एक चढवलेला, तर दुसरा घासायला काढलेला. तांब्याची भांडी चिंचेने घासून ज्यांचे हात झिजले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

दुर्बीण १८४५ साली सुरू झाली. त्याच वर्षी रोसचे तिसरे अर्ल विल्यम पार्सन्स यांना एम-५१ हा तेजोमेघ भोवऱ्यासारखा वळलेला दिसला. आज आपण त्याला दीर्घिका म्हणतो. आकाशात अशी वळणदार आकृती तोवर कोणी पाहिली नव्हती. १९१७ पर्यंत याहून मोठी दुर्बीण जगात झाली नाही. पण त्याच १८४५ च्या पावसाळी शरदात बटाट्यावर रोग पडला, मोठा दुष्काळ आला, आणि आकाश बाजूला ठेवून अर्लना जमिनीकडे पाहावे लागले.

येथवर मी मागच्या वर्षी सांगितलेच होते. आता पैसा कोणाचा ते सांगते. अर्लची पत्नी मेरी फील्ड ही इंग्लंडातल्या यॉर्कशायरची, मोठ्या संपत्तीची वारस. १८३६ साली लग्न झाले आणि तिच्या माहेरच्या पैशाच्या बळावर एवढा खर्च पेलला. पण नुसते पैसे देऊन ती घरात बसली नव्हती. तिला लोहारकाम येत असे. दुष्काळाच्या वर्षांत किल्ल्याभोवती नवा खंदक आणि तट बांधण्याचे काम काढून शेकडो माणसांच्या हातांना मजुरी दिली, त्या बांधकामाच्या आखणीतही तिचा हात होता. अकरा मुले झाली. वाढली ती चार. हा आकडा तेथे वाचला तेव्हा मी थोडा वेळ पुढे सरकलेच नाही.

१८५४ च्या सुमारास तिने फोटोग्राफीचा ध्यास घेतला. तेव्हा ही विद्या अगदी नवी होती. रसायने स्वतः कालवायची, कागद स्वतः तयार करायचे, आणि अंधाऱ्या खोलीत तासन् तास उभे राहायचे. १८५९ साली आयर्लंडच्या फोटोग्राफिक सोसायटीने कागदी निगेटिव्हबद्दल तिला रौप्यपदक दिले. तिची ती अंधारी खोली पुष्कळ वर्षे तशीच बंद राहिली होती; आता किल्ल्याच्या विज्ञान केंद्रात ती पुन्हा मांडून दाखवतात. बाटल्यांच्या रांगा पाहून मला आमच्या आजीची लोणच्यांची फळी आठवली. तिचा धाकटा मुलगा चार्ल्स शाळेत गेलाच नाही, घरीच शिकला. १८८४ साली त्याने वाफेची टर्बाइन केली. आपल्या औष्णिक वीजकेंद्रांत आजही वाफेच्या टर्बाइनच फिरतात.

दुसरी मेरी म्हणजे अर्लच्या मावसबहिणीची गोष्ट. मेरी किंग, लग्नानंतर मेरी वॉर्ड. जन्म १८२७ चा, तेथून जवळच्याच फर्बेनचा. मुलगी भिंग घेऊन किडे पाही आणि त्यांची चित्रे काढी. घरी आलेल्या एका ज्योतिर्विदाने ते पाहून तिच्या वडिलांना सुचवले, हिला चांगला सूक्ष्मदर्शक घेऊन द्या. वडिलांनी घेऊन दिला. (असे ऐकणारे वडील तेव्हा थोडे, आणि आजही फार नाहीत.) आठ मुलांचे सारे करीत ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिली. पुस्तक लिहिले; पण बाईचे पुस्तक कोण छापणार, म्हणून १८५७ साली स्वखर्चाने २५० प्रती पार्सन्सटाउनमध्येच छापून घेतल्या. त्या हातोहात खपल्या, आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या प्रकाशकाने ते काढले. विद्वानांच्या संस्थांत स्त्रियांना सभासदत्व नसे. मोठ्या दुर्बिणीची जुळणीही तिने जवळून पाहिली होती आणि तिची रेखाटने केली होती. दुर्बीण मोडकळीस येऊन कित्येक वर्षे पडून होती. ती १९९६-९७ च्या सुमारास पुन्हा उभी केली, तेव्हा एका मेरीचे फोटो आणि दुसरीची रेखाटने हाताशी होती. हे कळले तेव्हा मला फार समाधान वाटले.

३१ ऑगस्ट १८६९ रोजी मेरी वॉर्ड पतीसह बरमध्ये आली होती. पार्सन्सच्या मुलांनी घरी बनवलेल्या वाफेच्या गाडीत सगळे बसून निघाले. देवळाजवळच्या वळणावर ती गाडीतून खाली पडली, जड चाक अंगावरून गेले आणि मान मोडून जागीच गेली. वय बेचाळीस. मोटारगाडीच्या अपघातात दगावलेली जगातली पहिली व्यक्ती म्हणून तिचे नाव आता सगळीकडे सांगतात. मला हे खटकते. तीस वर्षे जे पाहिले, काढले, लिहिले, ते एका क्षणाखाली दडून गेले. ते वळण आम्ही पाहिले. साधा रस्ता आहे; दोन्ही बाजूंना जुन्या धाटणीची नेटकी घरे. गावात अर्लचा पुतळा आहे. मेरीचा मला दिसला नाही.

याच गावाची तिसरी एक गोष्ट तेराशे वर्षांपूर्वीची आहे. सहाव्या शतकात संत ब्रेंडनने येथे मठ स्थापला. ६९७ साली या ठिकाणी धर्माचार्यांची आणि राजांची परिषद भरली, आणि आयोना बेटावरच्या अडोम्नान या मठाधिपतीने केलेला कायदा मान्य झाला. युद्धात स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना मारू नये, मारील त्याला दंड, असा तो कायदा. त्याला एक्याण्णव जणांची हमी आहे. मागाहून जोडलेली एक कथा अशी, की रणांगणावर मेलेल्या बाईच्या छातीशी जिवंत मूल पाहून अडोम्नानच्या आईने मुलाकडून हा कायदा वदवून घेतला. कथा खरी असो वा नसो, सांगणाऱ्यांना तेथे आई असावीशी वाटली, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मैलभरावरच्या क्रिंकिल या खेड्यात थांबलो. येथे १८०९ ते १८१२ मध्ये बांधलेली मोठी लष्करी छावणी होती. १८८१ पासून ती लेन्स्टर रेजिमेंटचे ठाणे झाली. १९२२ साली रेजिमेंट मोडली आणि यादवी युद्धात छावणी जाळली गेली. आता तटाची भिंत आणि गवत उरले आहे. जावईबापू मोबाईलवर या रेजिमेंटचा इतिहास वाचून दाखवीत होते. तिची दुसरी पलटण म्हणजे पूर्वीची १०९ वी बॉम्बे इन्फन्ट्री. बॉम्बे हे नाव ऐकून मी चमकले. तीच आधी कंपनी सरकारची तिसरी बॉम्बे युरोपियन पलटण होती, १८५३ साली उभारलेली. आणि ३ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या तटावर शिड्या लावून जे सैन्य चढले, त्यात ती होती.

झाशी पडली तेव्हा शहरात काय झाले, ते आपल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून 'माझा प्रवास' मध्ये लिहून ठेवले आहे. त्या वेळी या पलटणीचा बर गावाशी काही संबंध नव्हता, हे खरे. तेवढा न्याय गावाला दिलाच पाहिजे. तरी त्या भिंतीशी उभी असताना मला आदल्या दिवशीचा ६९७ चा कायदा आठवत राहिला, आणि कोणाशी बोलावेसे वाटेना. मुलीने डब्यातली पोळी काढून दिली, ती तशीच हातात राहिली.

परत आल्यावर मंडळाच्या कपाटातला 'माझा प्रवास' पुन्हा वाचायला नेला. झाशीच्या प्रकरणात भटजींनी ज्यांना नुसते गोरे म्हटले आहे, तेथे समासात मी पेन्सिलीने "क्रिंकिल, बर" असे लिहिले आहे. ग्रंथपालबाईंनी रागावू नये. पुस्तक गेल्या आठवड्यात परत केले आहे. कोणा भगिनीला हवे असेल तर वरून दुसऱ्या खणात मिळेल.