पाण्याचा रंग आणि धातूची साक्ष

केळवे-माहीमच्या बागाईतदाराला मोरचूद नवे नाही. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षांच्या केवडा रोगावर सुचवले आणि ते जगभरच्या बागांत पोहोचले. मोरचुदाचे पाणी निळे, हिराकसाचे फिकट हिरवे, तुरटीचे मात्र रंगहीन. तिन्ही धातूंचेच क्षार. मग हा भेद का? बोईसर-तारापूर परिसरात लोक नाल्याच्या रंगावरून पाण्याची पारख करतात. तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मोरचूद चांगले तापवले की पांढरे पडते. त्यावर पाण्याचा थेंब पडला की पुन्हा निळे होते. म्हणजे निळाई एकट्या तांब्याची नाही, तांबे आणि त्याला बिलगलेले पाणी यांची मिळून आहे. धातूच्या आयनाभोवती ठरावीक संख्येने आणि ठरावीक आकृतीत शेजारी बसतात, हे आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडले. त्यासाठी १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या शेजाऱ्यांच्या विद्युत प्रभावामुळे आयनातील इलेक्ट्रॉनांची एरवी समान ऊर्जेची घरे वर-खाली सरकतात, हे १९२९ मध्ये हान्स बेथे यांनी स्फटिकांबाबत दाखवले. रसायनशास्त्रज्ञ मात्र त्याकडे उशिरा वळले. १९५१ मध्ये इल्से आणि हार्टमान यांनी त्याच आधारावर टायटॅनियमच्या जांभळ्या द्रावणाचा उलगडा केला.

खालच्या घरातला इलेक्ट्रॉन प्रकाश गिळून वरच्या घरात उडी मारतो. तांब्याच्या द्रावणात तांबडा भाग गिळला जातो, निळा उरतो. तुरटीतल्या ॲल्युमिनियमची ही घरे रिकामीच असतात. जस्त, कॅडमियम, पारा आणि शिसे यांची काठोकाठ भरलेली असतात. एकीकडे उडी मारणारा नाही, दुसरीकडे उडीला जागा नाही. म्हणून यांतले सर्वांत विषारी धातू पाण्यात विरघळूनही दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तांब्यासारख्या रंगीत आयनातही ही उडी निसर्गनियमाने जवळजवळ निषिद्ध आहे. ती क्वचित घडते, म्हणून रंग फिका. कापड रंगवण्याच्या द्रव्यातले सेंद्रिय रेणू तेवढ्याच संख्येने असले तर हजारो पटींनी अधिक प्रकाश शोषतात. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे तांबे ३ मिलिग्रॅम, शिसे ०.१ आणि पारा ०.०१ एवढीच मर्यादा आहे. विरघळलेले तांबे मर्यादेच्या दसपट असले तरी पेल्यातले पाणी नितळच दिसेल.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातील औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत प्रदूषित ठरले. नवापूर-दांडी आणि खारेकुरण-मुरबे खाड्यांचे गाऱ्हाणे घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. २०२२ मध्ये लवादाने भरपाईचा आदेश दिला. नाला लाल वाहिला की तक्रार होते, आणि व्हायलाच हवी. पण तो रंग बहुधा रंगद्रव्याचा असतो. शुद्धीकरणाने रंग उतरला म्हणजे धातूही गेला, असे त्यातून सिद्ध होत नाही.

धातूला बोलते करायचे तर त्याचा शेजारी बदलावा लागतो. अमोनिया घातला की तांब्याचे फिकट पाणी गडद निळे होते. डायथायझोन हे अभिकारक शिशाला धरून लाल रंग देते. धातू ओळखण्यासाठी त्याचा उपयोग १९२५ मध्ये हेल्मूट फिशर यांनी दाखवला. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी अणु-शोषणाची पद्धत मांडली आणि द्रावणाच्या रंगावर विसंबण्याची गरजच उरली नाही. शिवाय धातू पाण्यापेक्षा गाळात अधिक साठतात, तिथून कालवांत आणि शिंपल्यांत शिरतात.

म्हणून खाडीकाठच्या गावाने नितळ पाण्याच्या बाटलीवर समाधान मानू नये. पाण्याचा, गाळाचा आणि कालवांचा अहवाल मागावा, आणि त्यात प्रत्येक धातूपुढे आकडा आहे का ते पाहावे. पारा आणि शिसे यांच्याबाबत डोळ्यांची साक्ष कोणत्याही काळी पुरेशी नव्हती.