अंबाडी, गांजा आणि गायरान

गांजाचा इतिहास लिहिणारे शंकराच्या पिंडीपासून सुरुवात करतात. विजया, भांग, महाशिवरात्र, साधूची चिलीम असं सगळं त्यात येतं. मी माझ्या बापानं वळलेल्या कासऱ्यापासून सुरुवात करणार आहे. कारण आमच्या घरात गांजाचं नाव आलं ते पोलिसाच्या तोंडातून. त्याआधी आम्ही ते झाड लावलं नव्हतं, की ओढलं नव्हतं.

पण आधी मोठ्यांचा इतिहास सांगतो.

१८९३ साली इंग्रज सरकारनं या झाडाची चौकशी करायला एक कमिशन नेमलं. ११९३ साक्षी घेतल्या. बहुतेक साक्षीदार अंमलदार, डॉक्टर, जमीनदार, मिशनरी. १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल निघाला. निष्कर्ष असा की बेतानं घेतला तर गांजा फारसं नुकसान करत नाही. बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. तेव्हा मुंबई इलाख्यात नगर-साताऱ्याकडं, मध्यप्रांतात खांडव्याजवळ, बंगालात नौगावला गांजाची रीतसर शेती होती. पीक निघालं की ते पायांनी तुडवून चपटं करत. अहवालात झाडाच्या जाती तपशिलानं सापडतात. तुडवणाऱ्या पायांची जात आपल्याला शोधावी लागते.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. नांदेड जिल्हा होता, लातूर उस्मानाबादेतला एक तालुका होता (जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला), आणि किनवट तर १९५६ पर्यंत आदिलाबादेत होतं. निजामाची अबकारी वेगळी. १३१६ फसलीचा अबकारी कायदा, मग १३३३ फसलीचा मादक पदार्थांचा कायदा. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड. १८५३ पासून तिथं कारभार इंग्रजांचा. एका नदीच्या दोन काठांना दोन सरकारं आणि मधी सागाचं रान. अशा ठिकाणी चोरून माल हलायला वेगळं आमंत्रण लागत नाही.

रानही मोकळं राहिलं नव्हतं. जंगल खात्यानं रान राखीव केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारे गोंड-कोलाम एका दिवसात चोर ठरले. त्याविरुद्ध उठलेला कुमराम भीम १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं मेला. त्याच रानाच्या कडेला माहूर. गडावर बैरागी चिलीम पेटवतो, त्याला लोक पाया पडतात. खाली लाकडं तोडणारा मजूर तीच चिलीम ओढतो, तर तो व्यसनी.

मी गांजाची बाजू घेत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत नशेला जागा नाही. आमच्या शेजारच्या बौद्धवाड्यात त्या प्रतिज्ञेनं कितीतरी म्हाताऱ्यांची चिलीम सुटली. आमच्या मांगवाड्यातल्या बायाबी म्हणायच्या, "तिकडचे सुधारले, आपले कवा सुधरतील?" माझा प्रश्न दुसरा आहे. झाड कुणाचं आणि बेडी कुणाला?

१९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, तसा १९४९ चा दारूबंदी कायदा मागून आला. त्यात गांजा-भांगही होती. १९६१ साली जगातल्या देशांनी मादक पदार्थांचा करार केला. त्याच्या धाग्यानं दिल्लीत १९८५ चा कायदा झाला, १४ नोव्हेंबरपासून लागू. या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं पान त्यात येत नाही. म्हणजे शिवरात्रीची भांग या कायद्यातून सुटली. झाड लावल्याला आज दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गावात कुठं असं झाड दिसलं आणि सरपंचानं किंवा गावकामगारानं कळवलं नाही, तर तोही गुन्हेगार.

कायदा कागदावर सगळ्यांना सारखा. रानात काय होतं ते बघा. तुरीच्या, उसाच्या ओळीत झाड सापडलं तर सातबाऱ्यावर नाव असतं, मालकाला जाब द्यावा लागतो. म्हणून शहाणा माणूस ते जंगलात लावतो. जंगलाचा सातबारा सरकारचा. तिथं झाडाला मालक नाही. मग जो जवळ सापडेल तो मालक. जवळ कोण असतं? पाणी घालणारा, राखण करणारा. कुणाचा तरी सालगडी. साल ठरवताना उचल घेतलेला, "जा" म्हटलं की जाणारा. पैसा लावणारा तालुक्याच्या हॉटेलात चहा पीत असतो.

आता तर आपला भाग शेतापेक्षा रस्ता म्हणून जास्त ओळखला जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यात आंध्रातून आलेला ट्रक पकडला, ११२७ किलो गांजा. एवढं पीक सालगड्याच्या बिऱ्हाडातून निघत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, जगाच्या यादीत गांजाची सगळ्यात कडक वर्गवारी काढून टाकायची का यावर मतदान झालं. भारतानं "काढा" म्हणून मत दिलं. गावातल्या फौजदाराला त्याचं काय?

आता आमची हकीकत.

आम्ही मातंग. बाप दोर वळायचा. पोळ्याला अख्ख्या गावाच्या बैलांना कासरे, दावी, म्होरक्या आमच्या घरच्या, आणि सुगीला त्याचं बलुतं. त्याला अंबाडी लागते. अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून ओढ्यात दगडाखाली कुजवायच्या, मग साल सोलून धुवायची. हाताला आठ-आठ दिवस वास. बांधावरची अंबाडी मालक देईनात, म्हून बापानं गायरानात दोन एकर तुकडा धरला. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४-६५ च्या भूमिसत्याग्रहाचं वारं त्याच्या कानात होतं. जवारी पेरायचा, कडंनं अंबाडी.

१९८८ च्या पावसाळ्यात पोलीस आले. कुणीतरी कळवलं होतं की मांगानं गायरानात गांजा लावलाय. अंबाडीचं वरचं पान हाताच्या बोटांसारखं फाटलेलं असतं. झाडाला शास्त्रीय नावच मिळालं हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी. इंग्रज व्यापारी तिला 'डेक्कन हेंप' म्हणायचे. म्हणजे घोटाळा साहेबांच्या पुस्तकातही होता. पण गावातल्या शेंबड्या पोरालाबी अंबाडी कळते. रोज तिची भाजी खातो आम्ही. माय म्हणली, "साहेब, पान चावून बघा, आंबट लागंल." कुणी चावलं नाही. सगळी अंबाडी उपटली, संगं जवारीही तुडवली. बापाला रात्रभर ठाण्यात बसवलं. सकाळी कुणा जाणत्यानं झाड ओळखलं आणि सोडून दिलं. पंचनामा नाही, नोंद नाही, माफी तर नाहीच.

१९९१ च्या नोव्हेंबरात सरकारचा निर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून मागासवर्गीयांच्या ताब्यात असलेली गायरानं नावावर होणार. बाप पोरासारखा नाचला. तहसिलात गेलो तर म्हणाले, पुरावा आणा. पीकपाहणीत नोंद? तलाठ्यानं केली नव्हती. दंडाची पावती? कधी दिलीच नव्हती. मग बाप म्हणाला, "सायेब, अठ्ठ्याऐंशी साली माझं पीक पोलिसानं उपटलंय की. तिथं माझं पीक व्हतं म्हून तर उपटलं!" कारकुनानं कागद मागितला. कागद नव्हता.

सरकारनं आमचं पीक एकदाच डोळ्यांनी पाहिलं, ते गांजा म्हणून. त्या दिवशी खोटा का होईना पंचनामा झाला असता, गट नंबर पडला असता, तर आज दोन एकर आमच्या नावावर असते. आता त्या ओढ्याकडंला अंबाडी आपोआप उगवते. बैल गेले, ट्रॅक्टर आले, नायलॉनचा दोर बाजारात मिळतो. बापही गेला. सातबाऱ्यावर सरकार आहे.

मित्रांनो, गांजाच्या गुन्ह्यांचे कागद कचेरीत सापडतील. न झालेल्या पंचनाम्यांचे सापडणार नाहीत. ते आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ते आहेत तोवर विचारा, साल, गाव, गट नंबर लिहून काढा.