टॉवेलच्या गावातून

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कनापोलिस नावाचे गाव आहे. जेम्स कॅनन या गिरणीमालकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते वसवले. घरे गिरणीची, रस्ते गिरणीचे. गावाला स्वतःची नगरपालिका मिळायला १९८४ साल उजाडले. पिढ्यान्‌पिढ्या इथे टॉवेल आणि चादरी विणल्या गेल्या. ३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स कंपनीने, म्हणजे कॅनन गिरण्यांच्या शेवटच्या मालकाने, काम कायमचे थांबवले. राज्यातले सुमारे ४,८०० कामगार एकदम बेकार झाले. त्या राज्याने तोवर एवढी मोठी कामगारकपात पाहिली नव्हती.

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. गिरणीचा भोंगा थांबला की खाणावळीपासून शाळेच्या फीपर्यंत काय काय थांबते, हे परळ-लालबागला सांगावे लागत नाही. मुंबईतली कारणे वेगळी होती आणि ती इथे मिसळू नयेत. पण या गोष्टीचे दुसरे टोकही आपल्या हाती आहे, याकडे मात्र वाचकांनी लक्ष द्यावे. अमेरिकेला टॉवेल पुरवणाऱ्या प्रमुख देशांत आज भारत आहे, आणि टेरी टॉवेल म्हटले की आपल्याला सोलापूर आठवते. एका गावातला माग थांबतो आणि दूरच्या दुसऱ्या गावातला चालू राहतो. या दोन मागांच्या मधल्या जागेत सरकारने काय करावे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

अमेरिकेने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचे नाव ‘ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स’, म्हणजे आयातीमुळे रोजगार गेलेल्यांसाठीचे साहाय्य. कल्पना मांडली ती पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड यांनी, १९५३-५४ च्या सुमारास, परराष्ट्र आर्थिक धोरणासाठी नेमलेल्या रँडल आयोगाचे सदस्य म्हणून. तेव्हा ती मान्य झाली नाही. १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी आयातशुल्क कमी करण्याचे अधिकार मागितले आणि त्या कायद्यात या कल्पनेला जागा मिळाली. युक्तिवाद साधा होता, आणि मला तो आजही न्याय्य वाटतो. स्वस्त आयातीचा फायदा देशभर पसरतो, प्रत्येक घराला थोडा थोडा. झळ मात्र मोजक्या गावांना बसते, आणि ती पुरती बसते. देशाने आपल्या भल्यासाठी निर्णय घेतला असेल तर त्याची किंमत मोजणाऱ्यांचा भार देशाने उचलावा.

या विषयात नव्याने येणाऱ्याने आकडेवारीआधी कायद्याचे शब्द वाचावेत, असा माझा आग्रह आहे. १९६२ च्या कायद्यात अट होती की आयात वाढली ती प्रामुख्याने शुल्ककपातीमुळे, आणि रोजगार गेला तो प्रामुख्याने त्या आयातीमुळे, अशा दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्यात. कारखाना बंद पडतो तेव्हा कारणे एकमेकांत गुंतलेली असतात: जुनी यंत्रे, कर्ज, बदललेली मागणी. त्यातले एक वेगळे काढून ‘प्रमुख’ ठरवणे जवळजवळ अशक्य होते. परिणाम असा की पहिली सुमारे सात वर्षे एकाही कामगाराला या कायद्याचा एक डॉलरही मिळाला नाही. १९७४ च्या कायद्याने शुल्ककपातीची अट काढली आणि आयातीचा ‘महत्त्वाचा वाटा’ असला तरी पुरे, असे म्हटले. तो वाटा इतर कारणांपेक्षा मोठा असण्याचीही गरज उरली नाही. निर्णयही कामगार खात्याकडे आला. १९८० मध्ये मोटारउद्योग घसरला तेव्हा लाभार्थींची संख्या पाच लाखांवर गेली. खर्च पाहून १९८१ मध्ये रेगन सरकारने हात आखडता घेतला.

आता एक अर्ज जवळून पाहा. अर्ज करायला मोठी संघटना लागत नसे. एकाच ठिकाणच्या तीन कामगारांच्या सह्या पुरत. संघटना, कंपनीचा अधिकारी किंवा राज्याची रोजगार यंत्रणाही तो करू शके. कंपनी काय बनवत होती, कामावरून केव्हा काढले, आयातीचा संबंध का वाटतो, एवढेच विचारलेले असे. मग वॉशिंग्टनमधला चौकशी अधिकारी कंपनीकडून विक्री-उत्पादनाचे आकडे मागवी, गरज पडल्यास तिच्या गिऱ्हाइकांनाही विचारी की तुम्ही आता माल परदेशातून घेता का. निकाल एका कामगाराचा नव्हे, त्या ठिकाणच्या सगळ्या बाधित कामगारांचा लागे. या निकालपत्रांची भाषा कोरडी आहे. तरीही तुम्ही ती सावकाश वाचा. एकेका क्रमांकामागे एकेक गाव आहे.

मंजुरी मिळाली की शिक्षणाचा खर्च, शिकत असताना बेकारी भत्त्यानंतरही चालू राहणारे साप्ताहिक उत्पन्न, नोकरी शोधायला आणि बिऱ्हाड हलवायला मदत मिळे. २००२ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेतन विम्याची भर पडली: कमी पगाराची नोकरी धरली तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग, ठरावीक मर्यादेपर्यंत, दोन वर्षे सरकार देई. पंचावन्नाव्या वर्षी वर्गात बसणे प्रत्येकाला जमत नाही, हे इथे कायद्याने ओळखले. या योजनेतली ही तरतूद मला सर्वांत शहाणी वाटते. कनापोलिसमध्ये अनेकांचे शालेय शिक्षणच अपुरे राहिले होते. त्यांची सुरुवात नव्या धंद्यापासून झाली नाही. आधी शाळेची परीक्षा द्यावी लागली, तीही जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, आपल्या मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांशेजारी बसून.

योजनेचा उपयोग झाला का, या प्रश्नावर अभ्यासक एकमताचे नाहीत, आणि विषयातली खरी रंगत इथेच आहे. २०१२ मध्ये मॅथेमॅटिका या संस्थेने सरकारसाठी केलेल्या पाहणीत लाभार्थींची कमाई इतर बेकारांच्या तुलनेत वाढलेली दिसली नाही. पण साहाय्य घेणारे आणि न घेणारे मुळात सारखे होते का? बेंजामिन हायमन यांनी २०१८ मध्ये यावर सुंदर तोड काढली. काही चौकशी अधिकारी सढळ, काही कडक. कोणता अर्ज कोणाकडे जाईल हा जवळपास योगायोग. मग सारख्याच कामगारांत मंजुरीने काय फरक पडला हे मोजता येते. दहा वर्षांत एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरने अधिक, असे उत्तर आले. मात्र वर्षागणिक मिळणारा फायदा शेवटी विरत गेला. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये चिनी आयातीचा अभ्यास केला, तेव्हा झळ बसलेल्या भागांत या योजनेपेक्षा अपंगत्वाच्या भत्त्यावरचा खर्च कितीतरी जास्त वाढलेला आढळला. मदत होती, पण बहुतेकांनी आधार शोधला तो दुसऱ्याच दाराशी. वाचकांनी हे तीनही निष्कर्ष एकत्र ठेवून वाचावेत. एकाने दुसरा रद्द होत नाही.

तुलनेसाठी आपल्याकडची एक योजना जरूर पाहा. १५ सप्टेंबर १९८६ पासून लागू झालेल्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीतून, कायमच्या बंद पडलेल्या खासगी गिरण्यांतल्या पात्र कामगारांना पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के अंतरिम साहाय्य ठरले. तिथे कारण विचारले जात नसे. गिरणी बंद आहे एवढे पुरे. अमेरिकेत सगळा भर कारणावर. कारण विचारावे की न विचारावे, हा प्रश्न मनात धरून पुढची प्रकरणे वाचलीत तर बराच रस्ता सोपा होईल.

अमेरिकेतला मूळ कायदा मुदतीवर मुदत घेत चालला. १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज घेणे आणि नवे निकाल देणे थांबले. आधी मंजुरी मिळालेल्यांचे लाभ तेवढे चालू राहिले. त्या तारखेनंतर ज्याचा कारखाना आयातीमुळे बंद पडला, त्याला तीन सह्या गोळा करूनही अर्ज देण्याची सोय राहिली नाही. कनापोलिसची गिरणी पाडून त्या जागी संशोधन संकुल उभे राहिले आहे. पहिले प्रकरण त्याच जागेपासून सुरू होते.