बर्मिंगहॅमच्या दोन पानांचे वय

जुलै २०१५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाची बातमी आली आणि बघता बघता ती आपल्या मोबाइलवर येऊन धडकली : पैगंबरांच्या हयातीतला कुरआन सापडला! तुम्हीही तो मेसेज पुढे पाठवला असेल. मीही पाठवला होता, न वाचता.

खरे तर ती चर्मपत्राची दोनच पाने. अल्फोन्स मिंगाना यांनी १९२० च्या दशकात जमवलेल्या संग्रहात ती पडून होती, नंतरच्या काळातल्या दुसऱ्याच पानांसोबत बांधलेली. हिजाझी लिपीत सूरह कहफ, मरयम आणि ताहा यांचे अंश. पाने वेगळी आहेत हे अल्बा फेदेली या संशोधिकेने ओळखले. मग चर्मपत्राचा तुकडा ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत गेला.

अंतराळातून येणारे किरण हवेत कार्बन-१४ तयार करतात. गवतातून तो जनावरात जातो. जनावर मेले की नवा येत नाही, जुना घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा. पण मोजायचा कसा? एक मिलिग्रॅम ताज्या कार्बनमध्ये त्याचे सुमारे सहा कोटी अणू असतात आणि दिवसभरात त्यातले जेमतेम वीस फुटतात. पूर्वी हे फुटणेच मोजत. त्यासाठी काही ग्रॅम कार्बन लागे, म्हणजे हस्तलिखिताची पानेच जाळायची! १९७७ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी कणत्वरक वापरला. अणूंना प्रचंड वेग द्यायचा, चुंबकाने वळवायचे. जड अणू कमी वळतो, हलका जास्त. मग कार्बन-१४ थेट मोजायचा. सर्वांत मोठी अडचण जवळपास तितक्याच वजनाच्या नायट्रोजनची. पण त्याचा ऋणभारित अणू टिकत नाही, म्हणून तो सुरुवातीलाच गळतो. मला यातली हीच युक्ती सर्वांत आवडते.

उत्तर आले : इ.स. ५६८ ते ६४५, शक्यता ९५.४ टक्के. आपण त्यातली पैगंबरांची (स.) हयात उचलली. काही वृत्तपत्रांनी ५६८ चे टोक पकडून ‘कुरआन पैगंबरांच्याही आधीचा?’ असे छापले. दोघेही एकच चूक करत होते. यंत्राने मोजले ते जनावर कधी मेले एवढेच; शाईला त्याने हात लावला नाही. लिपीचे काही अभ्यासक लेखन हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातले किंवा त्याही नंतरचे मानतात. कातडे कमावून किती दिवस ठेवले होते, हे कार्बन सांगत नाही.

याच पद्धतीने १९८८ मध्ये तुरिनच्या कफनाचे कापड १२६० ते १३९० मधले ठरले, तेव्हा आपल्यापैकी कुणालाच यंत्रावर शंका आली नव्हती.