फ्रान्सचे रिकामे रस्ते कुणी बांधले?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दर जुलैत टूर द फ्रान्स सुरू झाली की आपल्या सायकल ग्रुपवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरायला लागतात. अरुंद डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना सूर्यफुलं नाहीतर गहू, लांबवर एका चर्चचं टोक आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. खड्डाही नाही. खाली कॉमेंट ठरलेली, "स्वर्ग आहे राव!"

मीही तेच लिहिणार होतो. पण बातमीदाराची खोड जात नाही. कुठेही रस्ता दिसला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. काम कुणी केलं? पैसा कुणाचा? आणि वापरतं कोण? तेच तीन प्रश्न मी त्या फ्रेंच रस्त्याला विचारले, तर उत्तरासाठी पार अठराव्या शतकापर्यंत मागे जावं लागलं.

सुरुवात होते वेठीपासून.

१७३८ साली राजाचे अर्थमंत्री ओरी यांनी देशभरासाठी हुकूम काढला. मोठ्या रस्त्यांच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी वर्षातले काही दिवस आपली जनावरं, आपली गाडी आणि आपलं अंग घेऊन रस्त्यावर फुकट राबायचं. याला फ्रेंचमध्ये 'कॉर्व्हे' म्हणतात. आपल्याकडचा सरळ शब्द वेठ. किती दिवस, ते प्रांताप्रमाणे बदलायचं. सरदार आणि धर्मगुरू यातून मोकळे. म्हणजे ज्यांच्या बग्ग्या त्या रस्त्यावरून धावायच्या, त्यांनी खोरं हातात धरायचं नाही.

रस्ते मात्र झाले झकास. क्रांतीच्या तोंडावर, १७८७ पासून, आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतीतज्ज्ञ फ्रान्सभर फिरला. रस्ते बघून तो चाट पडला. आणि त्याहून जास्त चाट पडला ते त्या रस्त्यांवर वाहतूकच नाही हे बघून. अगदी पॅरिसच्या वेशीजवळसुद्धा. फ्रान्सचा रिकामा रस्ता हा असा जुना आहे. तेव्हा तो रिकामा होता, कारण सामान्य माणसाकडे कुठे जायला ना पैसा होता ना कारण.

तुर्गो नावाच्या सुधारणावादी मंत्र्याने १७७६ मध्ये ही वेठ रद्द केली. त्याच वर्षी त्याचं मंत्रिपद गेलं आणि वेठ परत आली. शेवटी १७८७ च्या सुमारास तिच्या जागी पैशातला कर आला. पुढे दोन वर्षांत क्रांतीच झाली.

पण हे झाले राजधानीला जोडणारे मोठे रस्ते. व्हिडिओतले रस्ते ते नव्हेत. व्हिडिओतला रस्ता हा गाव ते गाव, गाव ते बाजार असा आहे, आणि त्याची जन्मतारीख आहे २१ मे १८३६.

त्या दिवशी फ्रान्समध्ये गावरस्त्यांचा कायदा झाला. तोवर खेड्यांतले रस्ते म्हणजे उन्हाळ्यात धूळ आणि हिवाळ्यात चिखल. कायद्याने सांगितलं की हे रस्ते राखणं ही 'कम्यून'ची सक्तीची जबाबदारी आहे. कम्यून म्हणजे तिथली सगळ्यात छोटी स्थानिक संस्था, आपल्या ग्रामपंचायतीसारखी. पैसे कमी पडले तर गावातल्या १८ ते ६० वयाच्या धडधाकट पुरुषांकडून आणि गाड्या-जनावरांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम घेता येईल. ज्याला काम नको त्याने त्याचे पैसे भरावेत. गावाने टाळाटाळ केली तर जिल्ह्याचा अधिकारी हुकूम काढून काम करून घेईल.

आता कुणी म्हणेल, हीसुद्धा वेठच की! थोडीफार होतीच. पैसेवाला पैसे भरून मोकळा व्हायचा आणि गरीब खोरं उचलायचा. कुरकुर पुष्कळ झाली. पण एक मोठा फरक होता. आता माणूस राजाच्या रस्त्यावर राबत नव्हता. स्वतःचं धान्य ज्या वाटेने बाजारात जाणार, त्या वाटेवर राबत होता.

रोजच्या देखभालीला 'कँतोनिए' असायचा. आपल्याकडे ज्याला मैलकुली म्हणतात, अगदी तोच. ठरलेला पट्टा त्याचा. खडी फोडायची, चारी काढायची, खड्डा दिसला की बुजवायचा. इतिहासकार यूजेन वेबर यांनी १९७६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दाखवलंय की खेड्यातला शेतकरी स्वतःला 'फ्रेंच' समजायला लागला तो शाळा आणि सैन्याइतकाच या रस्त्यांमुळे.

आणि हे जाळं तयार होत असतानाच सायकल आली.

१८९१ साल. पॅरिसच्या एका वर्तमानपत्राने पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत ठेवली. जिंकला शार्ल तेराँ, ७२ तासांच्या आत. त्याच्या सायकलला मिशलँ बंधूंचे नवे हवेचे, काढता-घालता येणारे टायर होते. दोनच वर्षांत, १८९३ मध्ये, सरकारने सायकलवर वर्षाला १० फ्रँक कर बसवला. सरकार कर बसवतं म्हणजे ती वस्तू चालायला लागली असं समजायचं! १९०३ मध्ये 'लोतो' या क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी टूर द फ्रान्स काढली. हे आमच्या धंद्याचं पुण्य.

पण शर्यत वेगळी आणि शांत रस्त्यावरची भटकंती वेगळी. त्या भटकंतीचा खरा गुरू दुसराच. त्याचं नाव पॉल द विवी, टोपणनाव वेलोसिओ. सेंत-एतिएन या कोळशाच्या आणि कारखान्यांच्या गावातला रेशमाचा व्यापारी. धंदा सोडून त्याने सायकलचं दुकान टाकलं आणि १८८७ मध्ये सायकलवर मासिक काढलं. सायकल पर्यटनाला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तो त्याच्यामुळे रूढ झाला. माणूस शाकाहारी, तंबाखूला शिवायचा नाही, आणि नुसत्या दिमाखासाठी पेडल मारायला त्याचा विरोध. चढावर गिअर हवेत असं तो आयुष्यभर सांगत राहिला. टूर द फ्रान्सवाल्यांनी मात्र बदलत्या गिअरला परवानगी दिली ती १९३७ मध्ये. तोवर वेलोसिओ जाऊन सात वर्षं झाली होती. १९३० मध्ये त्याच्याच गावात ट्रामची धडक बसून तो गेला.

रस्ता झाला, सायकल झाली. तरी कारखान्यातल्या कामगाराला या रस्त्यांचा उपयोग काय? त्याच्याकडे वेळच नव्हता. तो वेळ मिळाला १९३६ मध्ये. त्या उन्हाळ्यात देशभर संप झाले, कारखाने ताब्यात घेतले गेले, आणि लेओं ब्लूम यांच्या सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा असे कायदे केले. लेओ लाग्राँज या तरुण मंत्र्याने कामगारांसाठी रेल्वेचं सवलतीचं तिकीट आणलं. त्या वर्षी हजारो जोडपी टँडेम सायकलींवरून, मागे तंबू बांधून, आयुष्यात पहिल्यांदा आपला देश बघायला निघाली. तेव्हाचे फोटो आजही बघण्यासारखे आहेत. शांत रस्त्याचा आनंद हा असा संप करून मिळवलेला आहे, हे आपण विसरतो.

आता तिसरा प्रश्न. रस्ते इतके चांगले, तर आज ते रिकामे का?

दोन कारणं. पहिलं म्हणजे मोठी वाहतूक दुसरीकडे गेली. पॅरिस, लिऑन, मार्से असा द्रुतगती मार्ग १९७० मध्ये पूर्ण झाला, मग असे मार्ग वाढतच गेले. आज ते ११ हजार किलोमीटरच्या वर आहेत. ट्रक आणि घाईतल्या गाड्या तिकडे वळल्या.

दुसरं कारण जास्त बोचणारं आहे. माणसंच निघून गेली. फ्रान्सच्या मधोमध क्रझ नावाचा जिल्हा आहे. टेकड्या, कुरणं, दगडी घरं, सायकलवाल्यांना हवं ते सगळं. १८५१ मध्ये इथे सुमारे २ लाख ८७ हजार लोक राहत होते. आज सव्वा लाखही नाहीत. इथले गवंडी पॅरिस बांधायला गेले आणि पुष्कळजण तिकडेच राहिले. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी वर्षाला तीन दिवस राबून केलेले रस्ते मागे उरले.

म्हणजे व्हिडिओत आपल्याला जी शांतता दिसते, तिच्यातली निम्मी शांतता बंद झालेल्या शाळेची आणि कुलूप लागलेल्या बेकरीची आहे.

तरीही रस्त्यात खड्डा नाही. का? कारण १८३६ ची जबाबदारी अजून उठलेली नाही. फ्रान्समध्ये सगळे मिळून सुमारे ११ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले जवळपास ७ लाख कम्यूनचे, पावणेचार लाखांच्या आसपास जिल्ह्यांचे. केंद्राकडे उरतात ते थोडके. कम्यून सुमारे ३५ हजार, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त कम्यूनची लोकसंख्या ५०० च्या आत. तीनशे माणसांचं गाव, एक महापौर, अर्धवेळ कारकून, आणि अंगावर कित्येक किलोमीटर रस्ता! २०१४ ते २०१७ या काळात केंद्राने स्थानिक संस्थांचं अनुदान कापलं, तेव्हा अशा गावांच्या पोटात गोळा आला.

याचा स्फोट जगाने पाहिलाय. १ जुलै २०१८ पासून सरकारने दुभाजक नसलेल्या दोनपदरी ग्रामीण रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ९० वरून ८० किलोमीटर केली. त्याच वर्षी इंधनावरचा कर वाढत होता. १७ नोव्हेंबरला पिवळी जाकिटं घातलेले लोक देशभरातल्या चौकाचौकांत उतरले. सरकारी आकड्यानेच पावणेतीन लाखांहून जास्त. सायकलवाल्याच्या नजरेने बघाल तर वेग कमी करणं योग्यच. शांत रस्त्यावर सुसाट आलेली एक गाडी जीव घ्यायला पुरते. पण त्याच रस्त्यावर राहणाऱ्या बाईला दवाखाना, किराणा, नोकरी या सगळ्यासाठी रोज गाडी काढावी लागते. बस नाही, रेल्वे कधीच बंद झाली. तिला वाटलं की शहरवाले आपल्याला नियमही शिकवतात आणि करही लावतात. दोघंही आपापल्या जागी खरे होते. शेवटी करवाढ मागे घेतली गेली, आणि ९० ची मर्यादा परत आणायची की नाही हे ठरवायचा अधिकार २०१९ मध्ये जिल्ह्यांना दिला गेला.

मधला मार्गही काही ठिकाणी निघालाय. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये ४४ किलोमीटरची सायकलवाट झाली. त्या वेळी ती देशातली पहिलीच मोठी 'हरित वाट'. लुआर नदीकाठचा सायकलमार्ग तर ९०० किलोमीटरचा आहे, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे नवं बांधकाम नसून जुनेच कमी वाहतुकीचे गावरस्ते, पाट्या लावून जोडलेले. सायकलवाला आला की गावातली खाणावळ चालते, एखादी खोली भाड्याने जाते. सगळी गावं यावर जगणार नाहीत, पण बेकरी उघडी राहायला तेवढंही पुरतं कधीकधी.

आणि यात आपलीही माणसं आहेत बरं का. ती १८९१ ची पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस आज शर्यत राहिलेली नाही, दर चार वर्षांनी होणारी ९० तासांची सहनशक्तीची राईड झाली आहे. पुणे, मुंबई, नाशिककडचे सायकलवाले त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम पूर्ण करून तिथे जातात. २०१९ आणि २०२३ ला भारतातून मोठी फौज होती. जाऊन आलेल्या कुणालाही विचारा. तो घाट आणि वारा नंतर सांगतो. आधी सांगतो ते रात्री दोन वाजता घरासमोर टेबल मांडून कॉफी, पाणी, केक घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या आजी-आजोबांबद्दल. विलेन-ला-जुएल नावाच्या तीनेक हजार वस्तीच्या गावात तर अख्खं गाव स्वयंसेवक होतं, आणि लहान पोरं दमलेल्या सायकलवाल्याचा जेवणाचा ट्रे उचलून टेबलापर्यंत नेतात.

मला वाटतं माझ्या तीन प्रश्नांचं उत्तर त्या ट्रेमध्ये आहे. काम कुणी केलं? त्या पोराच्या खापरपणजोबाने. पैसा कुणाचा? त्या गावाचा, अजूनही. वापरतं कोण? ते स्वतः, आणि आता आपल्यासारखे हजारो मैलांवरून आलेले पाहुणे.

म्हणून पुढच्या वेळी तो व्हिडिओ आला की "स्वर्ग" जरूर लिहा. पण स्वर्ग आपोआप मिळतो, रस्ता मिळत नाही. तो कुणीतरी खडी फोडून केलेला असतो आणि दरवर्षी कुणीतरी पदरचे पैसे घालून राखलेला असतो. गावात ते करणारी माणसं उरली नाहीत, तर शांतता राहील, रस्ता राहणार नाही.

आपल्यापैकी कुणी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस केली असेल, किंवा तिकडच्या गावरस्त्यांवर सायकल चालवली असेल, तर कॉमेंटमध्ये सांगा. फोटो नसला तरी चालेल. पाणी कुणी दिलं ते लिहा.