घटनानोंद (वीजकेंद्र)

वीजकेंद्रातील यंत्रांच्या स्थितीत होणारा प्रत्येक बदल वेळेच्या शिक्क्यासह टिपून ठेवणारी संगणकीय यादी. पंप सुरू झाला, झडप बंद झाली, तापमान मर्यादेबाहेर गेले, डेस्कवरच्या ऑपरेटरने अमुक बटण दाबले, असे सगळे यात येते. नियंत्रण कक्षात हिला ‘इव्हेंट लॉग’ किंवा नुसते ‘लॉग’ म्हणतात. शिफ्ट इंजिनिअर पाळी संपताना स्वतःच्या अक्षरात भरतो ते लॉगबुक वेगळे. त्यात माणसाला महत्त्वाचे वाटले तेवढेच उतरते, घटनानोंदीत मात्र सगळेच उतरते. तिचे बळ त्यात आहे आणि अडचणही त्यातच आहे.

घटना आणि अलार्म यांत फरक आहे. ज्यावर ऑपरेटरने काहीतरी करणे अपेक्षित असते तो अलार्म. बाकीचे बदल नुसत्या घटना. प्रत्येक अलार्म नोंदीत येतो, पण प्रत्येक नोंद अलार्म नसते. अलार्म आला, ऑपरेटरने तो स्वीकारला, स्थिती पूर्ववत झाली, अशा एकाच अलार्मच्या तीन ओळी पडतात. तिसरा प्रकार ‘एसओई’चा, म्हणजे सीक्वेन्स ऑफ इव्हेंट्सचा. यात वेळेचा शिक्का इनपुट कार्डावरच बसतो आणि तो एक मिलिसेकंदापर्यंत सूक्ष्म असतो. नियंत्रण प्रणालीतील साधे अलार्म मात्र संगणकाच्या फेरीत वाचले जातात आणि अशा एका फेरीला दशांश सेकंद ते सेकंदभर लागू शकतो. त्यामुळे एका सेकंदात वीस गोष्टी घडल्या, तर साध्या अलार्म यादीतला क्रम खरा धरता येत नाही. कोण आधी पडले याचा निवाडा एसओईवरच करायचा, तोही सर्व कार्डांची घड्याळे जीपीएसशी जुळलेली असतील तरच.

पाहणे. भेलची मॅक्सडीएनए, एमर्सनची ओव्हेशन, सीमेन्सची एसपीपीए-टी३००० या भारतातील केंद्रांत आढळणाऱ्या प्रणाली. पडद्यांची रचना निराळी असली तरी रकाने थोड्याफार फरकाने तेच असतात: वेळ, टॅग (उपकरणाचा संकेतांक), वर्णन, युनिट किंवा विभाग, प्राधान्य, स्थिती. लांबलचक यादीत बहुधा ताजी नोंद सर्वांत वर असते. ही सोय चालू कामापुरती ठीक आहे. ट्रिपनंतर, म्हणजे युनिट किंवा यंत्र संरक्षणासाठी आपोआप बंद पडल्यावर, तपास करताना मात्र नवा माणूस हमखास वरून खाली वाचू लागतो आणि परिणामाला कारण समजतो. तपासाचे पहिले काम म्हणजे यादी वेळेनुसार उलटी लावून घेणे.

गाळणे. पाचशे मेगावॉटच्या युनिटची ट्रिप झाली की काही मिनिटांत शेकडो ओळी पडतात. त्यातून हव्या तेवढ्याच दिसाव्यात म्हणून फिल्टर लावतात. वेळ, टॅग, प्राधान्य किंवा प्रकार यांपैकी कशावरही तो लावता येतो. टॅगच्या आद्याक्षरांपुढे तारांकन टाकले की त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे टॅग येतात. अनेक केंद्रांत टॅग केकेएस या जर्मन संकेतपद्धतीने दिलेले असतात. तिच्यात एचएलबी म्हणजे एफडी फॅन (बॉयलरला हवा पुरवणारा पंखा), एचएनसी म्हणजे आयडी फॅन (धूरवायू ओढून घेणारा पंखा), एचएफसी म्हणजे कोळशाची मिल, एलएसी म्हणजे बॉयलर फीड पंप.

हा संकेत माहीत असणे का महत्त्वाचे, ते एका कल्पित ट्रिपवरून पाहू. पहाटे बॉयलर ट्रिप झाला. पहिल्या प्राधान्याच्या नोंदी गाळल्यावर उरलेल्या ओळी अशा:

०३:१२:४७.२१८ फीड पंप ब, ल्युब ऑइल प्रेशर व्हेरी लो
०३:१२:४७.२२६ फीड पंप ब, ट्रिप
०३:१३:२१.६०४ ड्रम लेव्हल व्हेरी लो
०३:१३:३१.६०९ बॉयलर ट्रिप
०३:१३:३१.७५० टर्बाइन ट्रिप

गोष्ट पूर्ण वाटते. तेलाचा दाब पडला, पंप गेला, ड्रममधले पाणी उतरले, दहा सेकंदांच्या ठरलेल्या विलंबानंतर बॉयलर बंद झाला. पण तेलाचा दाब का पडला? तपासणारा आता प्राधान्याची अट काढतो आणि ‘एलएसी*’ असा फिल्टर लावतो. तरीही काही सापडत नाही. याचे कारण असे की केकेएसमध्ये फीड पंपाच्या वंगणतेलाची व्यवस्था एलएसीत नाही, ती ‘एलएव्ही’त आहे. एक अक्षर कमी करून ‘एलए*’ लिहिले की तिसऱ्या प्राधान्याची एक ओळ वर येते: ०३:१२:४४.०९०, तेलपंपाची मोटर, ओव्हरलोड. सगळ्याचे मूळ तिथे होते आणि दोन्ही फिल्टरांनी नेमके तेच झाकले होते.

म्हणून जाणते लोक पहिला फिल्टर फक्त वेळेचा लावतात. ट्रिपच्या आधीची पाच-दहा मिनिटे आणि नंतरचे एखादे मिनिट घेऊन तेवढे सगळे वाचायचे, टॅग आणि प्राधान्य नंतर. कंटाळवाणे आहे, पण दुसरा भरवशाचा मार्ग या नोंदीच्या लेखकाला ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट: हळूहळू चढलेले तापमान घटनानोंदीत मर्यादा ओलांडेपर्यंत दिसतच नाही. ते ट्रेंडच्या आलेखात शोधावे लागते.

फिल्टर नोंद पुसत नाही, झाकतो. अलार्म काही काळ बाजूला ठेवणे, म्हणजे ‘शेल्व्ह’ करणे, याहून वेगळे: त्यात त्या अलार्मची घंटाच थांबते. दोन्हींची गल्लत महाग पडते. त्याहून नेहमीची चूक अगदी साधी असते. आधीच्या पाळीने लावलेला फिल्टर तसाच राहतो, पडद्यावर दोनच ओळी दिसतात आणि नव्या पाळीला वाटते, रात्र शांत गेली. फिल्टर लागला असल्याची खूण अनेक पडद्यांवर एखाद्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या चिन्हापुरतीच असते. ही रचनेची उणीवच म्हणायला हवी.

पूर. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये अपघात झाला, तेव्हा सुरुवातीलाच शंभराहून अधिक अलार्म वाजले आणि बिनमहत्त्वाचे बाजूला सारण्याची काहीच सोय नव्हती. अलार्म छापणारा प्रिंटर घटनांच्या अडीच तासांहून अधिक मागे पडला, मध्येच अडकला आणि त्यात मोलाची माहिती गेली. या अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाच्या अहवालात हे नमूद आहे. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथे २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला तो तेलशुद्धीकरण कारखान्यात, पण धडा तोच: शेवटच्या ११ मिनिटांत ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमधील ईईएमयूए संस्थेची १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका, २००९ मध्ये अमेरिकेचे आयएसए-१८.२ आणि २०१४ मध्ये आयईसी ६२६८२ ही मानके आली. दहा मिनिटांत एका ऑपरेटरपुढे दहाहून अधिक अलार्म आले की त्याला अलार्मचा पूर म्हणावे, ही मोजपट्टी याच परंपरेतली. सैल संपर्कामुळे मिनिटात तीन-चारदा वाजून बंद होणारा एकच अलार्म पुष्कळदा निम्मी यादी खातो. त्याला फिल्टर लावून लपवू नये. मर्यादेला थोडा पट्टा किंवा विलंब देऊन, नाहीतर सरळ वायर घट्ट करून, तो मुळात थांबवावा.

उलटा प्रकारही घडतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी २.१४ नंतर ओहायोतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातले अलार्म व नोंदीचे सॉफ्टवेअर अडकून बंद पडले आणि ते बंद पडल्याचे कोणी सांगितले नाही. पडद्यावर काही येत नव्हते, म्हणून ऑपरेटरांनी सारे ठीक धरले. सव्वाचारच्या आत अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. नंतर चौकशीत हजारो नोंदी एका क्रमात लावताना ठिकठिकाणच्या यंत्रांची न जुळणारी घड्याळे हीच मोठी डोकेदुखी ठरली. त्यामुळे नोंद शांत दिसली की आधी शेवटच्या ओळीची वेळ पाहावी.

जतन. मूळ प्रणालीतील साठा मर्यादित असतो आणि तो भरला की जुन्या ओळींवर नव्या चढतात. अलार्मचा पूर आला तर ट्रिपच्या आधीच्या नोंदीच सर्वांत आधी जाण्याची भीती असते, म्हणून ट्रिपनंतर नोंद लगेच वेगळी काढून ठेवतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रीड मानक विनियमांप्रमाणे ग्रीडमधील बिघाडानंतर डिस्टर्बन्स रेकॉर्डर आणि इव्हेंट लॉगरची माहिती २४ तासांत भार प्रेषण केंद्राकडे द्यावी लागते. पाठवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे की जागतिक प्रमाणवेळेत, कारण साडेपाच तासांचा फरक सहज निसटतो. दुसरी, नोंदीची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून पुन्हा जतन केलेली नाही ना. एक्सेल मिलिसेकंदांची वेळ मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे एकच दशांशस्थळ एवढीच दाखवते. तशीच जतन केली की तास आणि उरलेली दोन दशांशस्थळे फाइलमधून कायमची जातात.